भावजींचं शून्य

भावजी,

तुमच्यावर लिहायला बसले आहे, आणि तुम्हाला आधी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खाली मान घालून "राहू द्या ना वहिनी" म्हणाला असता आणि मला तुमचा शब्द मोडून लिहावं लागलं असतं. तुमची गोष्ट चार लोकांनी वाचावी अशी आहे. तिच्यात पादण्याचा विषय येतो, त्याला माझा इलाज नाही. मराठीत त्या क्रियेला सुटसुटीत शब्द आहे आणि तो मी वापरणार आहे. आडून आडून बोलत बसले तर गोष्ट दुप्पट लांबेल आणि वाचणारा कंटाळेल. तुम्ही लाजाल. लाजा. पण तुमच्या तोंडावर सांगत राहिले तर तुम्ही वाक्यावाक्याला घसा खाकराल, म्हणून आता तुमच्याकडे पाठ करते.

तर हे माझे धाकटे दीर. मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन आहेत. लिफ्ट साधी नव्हे, स्ट्रेचर मावेल एवढी. जुनी आहे, स्वतःहून मजल्याशी जुळत नाही, तिला बटणं दाबून दाबून जुळवावं लागतं. भावजी ती अशी लावतात की स्ट्रेचरचं चाक उंबऱ्याला अडत नाही आणि वर टांगलेली सलाईनची बाटलीसुद्धा हलत नाही. आतल्या भिंतींना कंबरेच्या उंचीवर पोचे आहेत, इतक्या वर्षांत आपटलेल्या स्ट्रेचरचे. छताला एक पंखा आहे, तो आवाज करतो पण हवा ओढत नाही. कोपऱ्यात भावजींचं स्टूल. त्यावर ते बसत नाहीत, कारण पेशंट उभा असताना आपण बसायचं कसं. स्टुलावर त्यांचा डबा बसतो.

आता या लिफ्टमधली अडचण नीट समजून घ्या. बंद दरवाजा, न ओढणारा पंखा आणि आत सात-आठ माणसं. त्यातलं कुणीतरी पादतं. कोण ते कळत नाही, सगळे छताकडे बघतात. दुसरा मजला येतो, सगळे उतरतात. पादणारा उतरतो, वास उतरत नाही. तिसऱ्या मजल्यावर नवा माणूस चढतो, त्याला आत दोनच गोष्टी सापडतात, वास आणि लिफ्टमन. तो त्यांची बेरीज करतो. दिवसभर हे चालतं, वर्षानुवर्षं.

वॉर्डबॉय त्यांना पाठीमागे 'गॅस एजन्सी' म्हणायचे. पाठीमागे म्हणजे लिफ्टच्या दारातच. नव्या सिस्टर लिफ्टमध्ये शिरण्याआधी मोठा श्वास भरून घ्यायच्या. भावजी सगळं बघत आणि सरळ समोर तोंड करून "चौथा मजला, हिशेब आणि रेकॉर्ड" असं स्वच्छ आवाजात सांगत.

गंमत अशी की खरा करणारा कोण हे त्यांना बरोबर माहीत असायचं. इतकी वर्षं एका खोलीएवढ्या जागेत माणसांच्या पाठी बघितल्यावर कळतं म्हणे. माणूस कसा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, कसा एकदम फोन काढून बघायला लागतो. मी खोदून खोदून विचारलं. एका नावाजलेल्या सर्जनचा मला फार दिवस संशय होता. भावजींनी हूं की चूं केलं नाही. "लिफ्टमधलं लिफ्टमध्ये, वहिनी," एवढंच.

आणि ते स्वतः? स्वतः त्यांनी लिफ्टमध्ये एकदाही पादलेलं नव्हतं. आपली लिफ्ट, आपली ड्युटी, आत आजारी माणसं. हे ते शपथेवर सांगत, आणि ऐकणारा हसू दाबत मान हलवी.

हे असंच चाललं असतं, पण चौथ्या मजल्यावर हिशेब विभागाला नव्या प्रमुख बाई आल्या. हॉस्पिटलात त्यांना हिशेबबाई म्हणतात. बाईंचं नाक तिखट आणि हातरुमाल कायम मुठीत. त्यांनी पहिल्या महिन्यातच मोठ्या साहेबांकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे, तक्रार केली. साहेबांनी भावजींना बोलावून घेतलं.

"काय हो हे? जरा पोटाकडे बघा."

"साहेब, मी नाही."

"मग कोण?"

"ते सांगता येणार नाही."

"म्हणजे माहीत आहे?"

"माहीत आहे. सांगता येणार नाही."

"मग तुम्हीच," साहेब म्हणाले आणि कागदात डोकं घातलं. "आणखी एक तक्रार आली तर तळघरात लाँड्रीत टाकीन. तिथे वाफ असते, कुणाला काही कळणार नाही."

भावजी घरी आले ते तोंड एवढंसं करून. लाँड्री काही वाईट जागा नाही, पगार तोच. पण लिफ्ट गेली असती, आणि गेली असती तीही या कारणावरून. सगळ्या हॉस्पिटलने म्हटलं असतं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? माझी धाकटी जाऊ, तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात, ती म्हणाली, "सांगून टाका ना नावं." भावजी जेवणावरून उठून गेले.

त्याच सुमारास सहाव्या मजल्यावरची पोटाची डॉक्टरीण माणसं शोधत होती. पोरगी वयाने भावजींच्या मुलीएवढी, कायम घाईत, केसांत पेन खोचलेलं. एकदा लिफ्टमध्ये दोघंच होती तेव्हा तिने आपलं गाऱ्हाणं मांडलं. "काका, आम्ही रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. पोटात गॅस किती होतो हे मात्र कुणी मोजतच नाही. पेशंटला विचारावं तर तो म्हणतो मुळीच नाही, आणि त्याची बायको म्हणते विचारू नका. मग कमी कशाला म्हणायचं आणि जास्त कशाला? आतड्यातले जंतू नीट काम करतायत का, हे यावरून कळू शकतं. यंत्र तयार आहे, पण लावून घ्यायला कुणी तयार होत नाही."

यंत्र तिच्या खिशातच होतं. कोटाच्या बटणाएवढं, चड्डीला मागच्या बाजूने अडकवायचं. आतड्यातले जंतू न पचलेल्या अन्नावर जगतात आणि हायड्रोजन सोडतात. तो बाहेर आला की यंत्र नोंद करतं.

भावजींनी लिफ्ट मजल्याला लावली, दरवाजा मात्र उघडला नाही. "कधी झालं तेही कळतं का यात?"

"वेळेसकट."

"मग लिहा माझं नाव."

डॉक्टरणीला वाटलं, केवढा विज्ञानप्रेमी माणूस. भावजींना हवा होता पुरावा.

आठवड्याने डॉक्टरणीने आकडे काढले तर शून्य. एकही नाही. तिने यंत्र बदलून दिलं. पुन्हा शून्य. तिने तिसरं यंत्र आधी स्वतःला लावून बघितलं, ते व्यवस्थित चाललं, मग तेच भावजींना दिलं. शून्य. पोरगी वेडी व्हायची बाकी राहिली. असा माणूस पुस्तकात नाही, म्हणाली. तिचे शिकाऊ डॉक्टर कारण नसताना लिफ्टमधून वरखाली करू लागले, भावजींकडे आदराने बघू लागले. एकाने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही श्वास कसा घेता?"

बातमी मजल्यामजल्यावर गेली. 'गॅस एजन्सी'चं रातोरात 'शून्यकाका' झालं. भावजींचे खांदे दोन बोटं वर आले. ते आमच्याकडे आले तेव्हा पायरी चढतानाच म्हणाले, "वहिनी, शास्त्राने सिद्ध झालं." फक्त हिशेबबाई म्हणाल्या, "यंत्र बिघडलं असेल." त्या बाईंबद्दल मला राग आहे, पण त्या वेळी आख्ख्या हॉस्पिटलात डोकं जागेवर होतं ते त्यांचंच.

डॉक्टरणीला आता भावजींचं खाणंपिणं तपासायचं होतं. म्हणून तिने धाकटीला बोलावून घेतलं. धाकटी इस्त्रीची साडी नेसून सहाव्या मजल्यावर गेली. भावजी लिफ्ट दुसऱ्याकडे सोपवून दारात उभे.

"काकू, तुम्ही यांना खायला काय देता?"

"आम्ही खातो तेच. कोबी, वाटाणे, मुळा. यांना मुळा फार आवडतो."

डॉक्टरणीने केसांतलं पेन काढलं. "आणि तरी शून्य."

"शून्य काय?"

"गॅस. काकांना गॅस होतच नाही."

धाकटीने आधी डॉक्टरणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "ह्यांना?" ती म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही दुसऱ्याच कुणाचं बघताय. आमच्याकडे थंडीतसुद्धा पंखा लावून झोपतात. मांजर होतं, ते शेजारी राहायला गेलं."

"पण यंत्रात रात्रीही काहीच नाही."

"रात्री कसं असेल? रात्री ते डब्याच्या पिशवीत असतं."

डॉक्टरीण खुर्चीत बसली. भावजी दारातून अगदी साधेपणाने म्हणाले, "ड्युटी संपली की बंद करतो ना. चालू कसं ठेवणार?"

लिफ्टमध्ये बटणांच्या वर लाल अक्षरांची पत्र्याची पाटी आहे: चालक नसताना यंत्र बंद ठेवावे. भावजींनी ती रोज वाचलेली आहे. कामावर आलं की लिफ्टची किल्ली फिरवायची, निघताना उलटी फिरवून खिशात टाकायची. त्याच हाताने त्यांनी डॉक्टरणीचं यंत्र रोज सकाळी चालू केलं आणि रोज संध्याकाळी बंद केलं. घरी नेतानाही जपून, डब्याच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. डॉक्टरणीने "दिवसरात्र" असं सांगितलं होतं. पण यंत्र चालू टाकून घरी जाणारा माणूस भावजींच्या हिशेबी बेजबाबदार. हे आपल्याला उद्देशून नसावं, असं त्यांनी धरलं.

"काका," डॉक्टरीण म्हणाली, "या यंत्राचे चालक तुम्ही नाही. तुमची आतडी आहेत. आणि त्यांना संध्याकाळी सुट्टी नसते."

"म्हणजे माझं शून्य गेलं?"

"शून्य तसं खरं आहे. ड्युटीपुरतं. पण काका, दिवसभर धरून ठेवता तुम्ही?"

धाकटी बोलली. "म्हणूनच रोज दुपारनंतर यांचं पोट दुखतं, आणि तुमच्याच ओपीडीतल्या गुलाबी गोळ्या खातात. मी म्हणते नजर लागली, हे म्हणतात वय झालं."

डॉक्टरणीने सांगितलं, नजर नाही आणि वयही नाही. कोंडलेली हवा आहे. आता यंत्र दिवसरात्र लावा, म्हणजे खरं काय ते कळेल.

भावजींनी यंत्र घेतलं, पण लावलं नाही. रविवारी ते आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या काठावर बसून राहिले. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, वर्तमानपत्र वाचन चाललं होतं. मी म्हटलं, काय ते एकदाचं बोला, भाजी चुलीवर आहे.

"वहिनी, पूर्ण आकडा बाहेर आला की हिशेबबाई म्हणतील, बघा, आहेच. मग साहेब मला खाली पाठवतील. शून्य होतं तोवर बरं होतं."

"शून्य खोटं होतं."

"लिफ्टमधलं खरं होतं."

हे मला मान्य करावं लागलं. कॉलेजात मी रसायन शिकले आहे, म्हणून मग मी त्यांना हायड्रोजनबद्दल सांगितलं. हायड्रोजनला वास नसतो. वास असतो गंधकाच्या भाऊबंदांचा, आणि ते असतात चिमूटभर. तुमच्या यंत्राला वास कळतच नाही.

भावजींचा चेहरा पडला. "म्हणजे पुरावा म्हणून काहीच उपयोग नाही?"

"वेळेचा उपयोग आहे. कधी झालं आणि कधी नाही, हे तर कळतं ना? आणि भावजी, तुम्ही माणूस आहात, लाकडी कपाट नव्हे. खाल्लेलं आत आंबतं, त्यावर जंतू जगतात, त्यांचं जे काय सुटतं ते कुठून तरी बाहेर पडणारच. सगळे पादतात. दिवसातून पुष्कळदा. राजा असो की लिफ्टमन."

तेवढ्यात वर्तमानपत्रामागून उदाहरण आलं. पान उलटण्याचा आवाजही त्यात बुडाला.

"हे तुमचे सख्खे भाऊ," मी म्हटलं. "यांचं पोट कधी दुखलेलं तुम्ही बघितलंय?"

भावजींनी भावाकडे बघितलं, त्यात पहिल्यांदाच मत्सर होता. त्या रात्री त्यांनी यंत्र लावलं.

नवा आलेख डॉक्टरणीने त्यांना पडद्यावर दाखवला. दिवसभर सपाट माळरान, नजर जाईल तिथवर. मग ड्युटी सुटते, भावजी जिन्याने खाली येतात, लाँड्रीच्या मागच्या गल्लीतून बसच्या थांब्याकडे निघतात, आणि तिथून डोंगर सुरू होतात. एकामागून एक, पहाटेपर्यंत.

"काका, चोवीस तासांचा आकडा बघितला तर तुम्ही अगदी मधले आहात," डॉक्टरीण म्हणाली. "जास्त नाही, कमी नाही. पोट उत्तम. त्रास आहे तो तुमच्या सभ्यपणाचा."

एकमेव असलेला माणूस मधला झाला. भावजींना त्याचं थोडं वाईटच वाटलं. पण डोंगरांच्या अलीकडचं ते माळरान त्यांनी बराच वेळ बघितलं.

आणि मग तो दिवस आला. लिफ्टमध्ये हिशेबबाई आणि मोठे साहेब, दोघंच. वार्षिक तपासणी होती, साहेब चौथ्या मजल्यावर निघाले होते. दुसरा मजला गेला आणि वास आला. हिशेबबाईंचा रुमाल नाकावर गेला. "साहेब, आता तरी पटलं?" त्या रुमालातून म्हणाल्या. "ही तक्रार लेखी देऊ का तोंडी चालेल?"

साहेब छताकडे बघत होते.

भावजींनी किल्ली फिरवली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी असं एकदाही केलेलं नव्हतं. पंखा तेवढा घरघरत राहिला.

"बाई, हा मी नाही," ते म्हणाले. "माझं सगळं ड्युटी सुटल्यावर असतं. लाँड्रीच्या मागे. सहाव्या मजल्यावर त्याचा आलेख आहे, वेळेसकट. जाऊन बघा, मी डॉक्टरांना सांगतो दाखवायला."

हिशेबबाईंनी रुमाल बाजूला केला. "म्हणजे, मी? असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"आत तिघंच आहोत."

"हो."

बाई हिशेबातल्या. तिघांतून एक गेला, त्यांनी स्वतःलाही वजा केलं, आणि जे उरलं तिकडे त्यांना मान वळवता येईना. साहेबांनी घसा साफ केला. "लिफ्ट चालू करा."

"करतो साहेब. मला लाँड्रीत पाठवायचं असेल तर पाठवा. पण यावरून नको."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. 'माहीत आहे, सांगता येणार नाही' हे शब्द त्यांनाही आठवले असणार, कारण ते एकदम मऊ झाले. "कुणी कुठे जात नाही," ते म्हणाले. "बाई, तो रुमाल ठेवा. सकाळपासून माझंच पोट ठीक नाही."

भावजींनी किल्ली फिरवली आणि लिफ्ट चौथ्या मजल्याला अशी लावली की दोघांना उतरताना खाली बघावं लागलं नाही. "चौथा मजला, हिशेब आणि रेकॉर्ड," ते म्हणाले.

हिशेबबाई पुढे काही दिवस जिन्याने आल्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले, मग परत लिफ्टने यायला लागल्या. येताना "कसं काय" एवढं विचारतात. माफी वगैरे नाही. मोठ्या साहेबांनी मात्र डॉक्टरणीच्या सांगण्यावरून भावजींना दुपारी आणि चहाच्या वेळी थोडी सुट्टी मंजूर केली, गच्चीवर जाऊन यायला. कारणाच्या जागी काय लिहायचं यावर ऑफिसात बराच खल झाला. शेवटी 'वैद्यकीय' लिहिलं.

पहिले काही दिवस भावजी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभे राहत आणि तसेच परत येत. इतक्या वर्षांचं वळण, हुकूम झाला म्हणून सुटत नाही. "टाकीपाशी कुणी नसतं, तरी होत नाही वहिनी," ते मला हताशपणे म्हणाले. मी म्हटलं, उभे काय राहता सलामी दिल्यासारखे, चाला. ते चालू लागले. पुढे एक दिवस दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "आज झालं." मी म्हटलं, "छान," आणि ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेऊन भावाकडे एकदा नीट बघितलं. गुलाबी गोळ्या आता धाकटीच्या फडताळात पडून आहेत.

डॉक्टरणीला पुढच्या खेपेसाठी माझ्या वयाच्या बायका हव्यात. एकही मिळत नाही. भावजी आता तिचा उजवा हात. लिफ्टमध्ये म्हाताऱ्या दिसल्या की ते मजले सांगता सांगता हेही सांगतात. गेल्या पावसाळ्यात ते मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुमचं नाव देऊ?"

"द्या. यंत्र आणून द्या, लावते."

"येत्या रविवारी आणतो."

रविवारी आले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. चहा प्यायले, हवापाण्यावर बोलले आणि पिशवी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. डॉक्टरीण त्यांना विचारते, काका, वहिनींचे आकडे कधी देताय, आणि ते म्हणतात, देतो, देतो. धाकटी सांगते, यंत्र त्याच पिशवीत आहे, रुमालात गुंडाळलेलं. थोरल्या भावजयीच्या हातात चड्डीला लावायची वस्तू ठेवायची कशी, हे त्यांना जमत नाहीये.

आणि मीही, तोंडाने एवढी फटकळ, दर रविवारी त्या पिशवीकडे बघते आणि चहा हवाय का म्हणून विचारते.